फाटकापासून घरापर्यंत

२ मार्च, सोमवार

किल्ली दिली नाही. देणारही नाही!

सकाळपासून म्हातारा व्हरांड्यात बसून हवेशी बोलतोय. माझ्याशी थेट बोलायचं नाही असं त्याने ठरवलंय, पण मला ऐकू जाईल एवढा आवाज बरोबर ठेवतो. "ज्याने उभा जन्म हा रस्ता राखला, त्याला आता ट्रॅक्टरच्या किल्लीसाठी सुनेपुढे हात पसरावा लागतो." मी भांडी घासत होते, घासत राहिले. उभा जन्म राखला, खरं आहे. आणि गेल्या महिन्यात तोच ट्रॅक्टर कडेच्या चरात घातला, ते कोण सांगणार? एक चाक वर, सासरेबुवा खाली, पाय अडकलेला आणि मी फावड्याने माती उकरतेय. तशा अवस्थेतही मला शिकवत होता – फावडं असं धरतात का! त्या दिवसापासून किल्ली माझ्या गळ्यात, दोरीत ओवून. त्याच्या हातात काठी.

काल भाऊजींचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा, शहरातून फोन आला. स्पीकरवर होता म्हणून सगळं ऐकलं. "बाबा, आता पुरे झालं. माझ्याकडे या राहायला. लिफ्ट आहे, डॉक्टर खालीच बसतो." म्हातारा म्हणाला, "मी इथून हललो की महिन्याभरात रस्ता जाईल. मग घरापर्यंत कुत्रंसुद्धा येणार नाही." भाऊजी म्हणाले, "वहिनी बघतील की रस्ता." त्यावर म्हातारा जो हसला! हसून झाल्यावर म्हणाला, "बघू दे तिला. चोवीस तारखेला तू ये. रस्ता धड असला तर मी मुकाट्याने येईन तुझ्याकडे. नसला तर किल्ली मला, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही." शब्दाचा पक्का आहे, एवढं मान्य करायला हवं.

म्हणजे आता असं आहे. खाली डांबरी रस्त्यावर आमचं फाटक, वर टेकडीवर घर. मधे हा खडीचा रस्ता – लांबलचक, दोन वळणं, एक ओहोळ. तो मी चोवीस तारखेपर्यंत ठाकठीक केला, तर हा माणूस माझ्या घरातून जाणार. हे जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा घरी. बाकी सगळा काळ मी आणि हा. लग्न झाल्यापासून माझ्या चहात खोट, माझ्या रोपांत खोट, मी दार लावते त्यात खोट. जाऊ दे एकदाचा! मनात आहे तसं लिहिलं. इथे कोण वाचतंय.

४ मार्च, बुधवार

तोंडावर पडले.

ट्रॅक्टर मला येतो. रोपवाटिकेची सगळी माती मीच वाहते. पण मागे लोखंडी पातं लावून रस्ता करायचा म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. पातं जमिनीला टेकवलं आणि सुसाट निघाले. वाटलं, खरवडलं की झालं. मागे वळून बघते तर रस्त्याला वळ्या पडलेल्या, पन्हाळी पत्र्यासारख्या! त्या घालवायला पुन्हा फिरवलं, तर आणखी खोल. वेग जास्त झाला की पातं उडतं, उडालं की आपटतं, आणि आपटेल तिथे खळगा पडतो. हे मला संध्याकाळी कळलं. तोवर फाटकापासून घरापर्यंत एक हात सपाट जागा उरली नव्हती. आधी रस्ता नुसता वाईट होता, आता वाईट आहे आणि माझा आहे.

रोपं न्यायला गाडीवाला आला. खाली उतरला आणि जबडा चाचपत उभा राहिला. "बाई, रस्ता करताय ना? मग असं कसं झालं?" म्हटलं, अजून पूर्ण व्हायचाय. "पूर्ण नका करू," म्हणाला.

व्हरांड्यातून खोकल्याचा आवाज आला. खोकला कसला, हसत होता.

५ मार्च

पाठ धरलीय. आज कोणी काही बोलू नये.

७ मार्च, शनिवार

मी घरासमोरून पातं ओढत जात होते आणि हा हवेला म्हणाला, "पातं सरळ धरून रस्ता खरवडतात होय? ती काय करपलेली कढई आहे? तिरकं लागतं. जरा तिरकं. पण सांगणार कोणाला, इथे सगळे शिकून आलेले."

तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रॅक्टर थांबवला नाही. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्या वळणाआड गेले, जिथे व्हरांड्यातून दिसत नाही, तिथे उतरले आणि पातं तिरकं केलं.

आणि झालं की! कडेला सांडलेली खडी आपोआप मधे सरकायला लागली. हळू चालवलं तर वळ्याही निघाल्या. इतकं सोपं होतं, आणि ते याच्या तोंडून यावं! दुपारभर तसंच केलं. घरी परतताना वळणाआड थांबून पातं पुन्हा सरळ केलं आणि मग त्याच्या समोरून गेले. त्याने कपाळाला हात लावला. बसू दे हात लावून. त्याच्या सांगण्यावरून माझं काही सुधारलं हे समाधान त्याला मिळता कामा नये.

८ मार्च, रविवार

यांचा फोन. कुठल्याशा बंदरात होते, मागे भोंगे वाजत होते. पहिलाच प्रश्न – "रस्ता कसा चाललाय?" मी कशी आहे ते नंतर. तरी बरं वाटलं. यांनी आजवर माझ्या कुठल्या कामाची एवढी चौकशी केली आहे? रोपवाटिका सुरू केली तेव्हा "वेळ जातो ना तुझा, मग झालं" एवढंच म्हणाले होते. आज म्हणाले, "फोटो पाठव. वळणाचे पाठव, घरासमोरचा पाठव. लांबून घे, म्हणजे सगळं दिसेल."

समुद्रावर राहून माणूस सुधारला म्हणायचा.

म्हाताऱ्याचं गाऱ्हाणं सांगितलं. "होईल गं सगळं नीट," म्हणाले. "चोवीसपर्यंत कळ काढ."

१० मार्च, मंगळवार

चोर सापडला!

सविस्तर लिहिते. रात्री अवकाळी पाऊस पडून गेल्यामुळे सकाळी रस्ता छान दमट होता, ना चिखल ना धूळ. रस्ता करायचा तर असाच दिवस हवा, कोरडा असला की नुसता फुफाटा उडतो. आता मला एवढं कळायला लागलंय की रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता हवा, म्हणजे पाणी रस्त्यावर थांबत नाही, बाजूच्या चरात जातं. पण उंच करायला खडी हवी ना! घराजवळच्या अर्ध्या रस्त्यात खडीच नाही, नुसती माती. म्हातारा वर्षानुवर्षं सांगत आलाय की आमची खडी चोरीला जाते. आधी पलीकडच्या मळ्यावर संशय होता. मग गाडीवाल्यावर. माझ्या भावाने घर बांधलं त्या वर्षी तर माझ्या भावावर! जेवताना सगळ्यांदेखत म्हणाला होता, "काहींच्या घराचा पाया आमच्या रस्त्यातून जातो." मी ताटावरून उठले होते.

तर आज फाटकापाशी ट्रॅक्टर वळवायला जागा पुरेना, म्हणून बाजूच्या गवताच्या उंचवट्यावर चढवला. पातं टेकलं आणि करकर वाजलं. उतरून गवत उपटलं. खाली खडी. फावड्याने उकरलं, आणखी खडी. सगळा उंचवटा खडीचाच होता, वर गवत माजलेलं. लोकांना वाटावं टेकडीच आहे.

मग डोक्यात प्रकाश पडला. म्हातारा रस्ता करायचा तो एक लोखंडी गर्डर साखळीने बांधून. घरून निघायचा, उताराने फाटकापर्यंत ओढत न्यायचा, आणि परत येताना गर्डर ट्रॅक्टरवर चढवून आणायचा. नेहमी वरून खाली! चढाला ओढला तर इंजिनाला त्रास होतो म्हणे. दर वेळी थोडी थोडी खडी खाली जात राहिली. उभा जन्म स्वतःच घरापासून फाटकापर्यंत वाहून नेली आणि उभा जन्म चोर शोधत बसला.

मी त्या ढिगाऱ्यावर बसून एकटीच हसले. मग भावाचं आठवलं आणि हसू गेलं.

११ मार्च, बुधवार

सांगितल्याशिवाय राहवलं नाही. चहाचा कप त्याच्यापुढे आपटला आणि म्हटलं, "मामंजी, खडी सापडली. फाटकापाशी आहे. तुम्हीच नेऊन टाकलीत."

काठी घेतली आणि थेट खाली फाटकापर्यंत चालत गेला, मागे मी. ढिगाऱ्यात काठी खुपसली. फिरवली. मला वाटलं, आता तरी मान खाली घालेल. कसचं काय! "ही ट्रकवाल्याने सांडलेली," असं त्याने फाटकाला सांगितलं.

मी म्हटलं, आता मी ही खालून वर ओढत नेणार आहे. तर पुन्हा फाटकाकडेच बघून म्हणाला, "रस्ता घराकडून फाटकाकडे जातो. फाटकाकडून घराकडे नाही."

"मग आपण रोज घरी येतो ते कशावरून?"

त्याने फाटकाची कडी लावली.

"माझ्या भावाची माफी मागा," म्हटलं. हा घराकडे वळून चालायला लागला. चढावर दम लागला तेव्हा थांबला, मी हात पुढे केला नाही. त्यानेही मागितला नाही.

१३ मार्च

खेपांवर खेपा. खालून खडी, वर खडी. पेन धरवत नाही. पण वरचं वळण भरलं!

१४ मार्च, शनिवार

ओहोळावरचा रस्ता वाहून गेला. अख्खा नाही, पण ट्रॅक्टरचं चाक बसेल एवढी घळ पडली. काल पाऊस झाला तो काही एवढा नव्हता. ओहोळाचं पाणी जायला रस्त्याखालून सिमेंटचा पाइप आहे, मग पाणी वरून का गेलं?

खाली उतरले. पाइपात हात घालायची भीती वाटत होती, तरी घातला. हाताला पोतं लागलं. मातीने भरलेलं, आत कोंबून बसवलेलं, पुढे दगड लावलेला. वाहत आलेलं नव्हतं. काठीने ढोसून ढोसून आत सरकवलेलं होतं, पोत्याला काठीची भोकं होती. आणि पोतं कुठलं? माझ्या शेडमधलं, माझ्या रोपांच्या खताचं!

म्हणजे हा पांगळा पाय घेऊन टेकडी उतरला, पोतं ओढलं, माती भरली, ओहोळात उतरला. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की व्हरांड्याच्या पायऱ्या उतरवत नाहीत!

दुपारी जेवायला बसला तेव्हा ते पोतं तसंच चिखलाचं, पाणी गळतंय, त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने पोत्याकडे बघितलं. एक घास खाल्ला. मग भिंतीला म्हणाला, "मीठ कमी आहे."

जीव जाईल पण हरणार नाही हा माणूस. आणि मीही नाही.

१६ मार्च, सोमवार

त्याची खुर्ची व्हरांड्यातून उचलून मागच्या दारी नेली. तिथून रस्ता दिसत नाही, कोंबड्या दिसतात. शेडला कुलूप लावलं. रेडिओच्या बॅटऱ्या काढून ठेवल्या. पोरकटपणा आहे, मला कळतं. पण फार बरं वाटलं.

संध्याकाळी बघते तर खुर्ची पुन्हा व्हरांड्यात. "घरात कोणी चहा करतं का," हवेला विचारत होता, "की आता नुसते रस्तेच करायचे?"

१७ मार्च

घळ बुजवली. पाइप साफ. आज तीन वेळा जाऊन पाइपात बघून आले.

१९ मार्च, गुरुवार

आज रंगेहाथ पकडला.

रोपांना पाणी सोडलं तर नळीला पाणीच येईना. नळीचा माग काढत गेले. शेडमागून, कुंपणापलीकडून, थेट वरच्या वळणावर. तिथे हा नळी धरून उभा, आणि मी एवढ्या कष्टाने वर आणलेली खडी धारेने धुऊन चरात चाललेली. माझी नळी, माझं पाणी, माझी खडी!

"मामंजी, हे काय चाललंय?"

"झाडाला पाणी घालतोय."

"इथे झाड कुठे आहे?"

"लावीन."

नळी हिसकावून घेतली. दोघंही नखशिखान्त भिजलो. मी जे बोलले ते इथे लिहिणार नाही, लाज वाटते. शेवटी म्हटलं, "एवढं राहायचंय इथे तर तोंडाने सांगा ना, की मला राहायचंय. पोरासारखे चाळे कशाला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. कित्येक दिवसांनी थेट माझ्याकडे. "तुला काय मिळणार आहे यातून?" म्हणाला.

"शांतता."

"शांतता?" हसला. "किती खोल्यांची?"

काय बोलतो त्याचं त्याला तरी कळतं का? भाऊजींना सांगायला हवं, डोक्यावरही परिणाम झालाय म्हणून.

२२ मार्च, रविवार

झाला!

खालपासून वरपर्यंत एकदा चालत आले, नुसती बघायला. मधे उंच, दोन्हीकडे एकसारखा उतार, कडेचे चर मोकळे. खड्डे नुसते बुजवले नाहीत, तळापर्यंत खरवडून मग खडी पसरली, म्हणजे पहिल्या पावसात पुन्हा उघडे पडणार नाहीत. वळणावर बाहेरची बाजू जरा उचलून घेतली. सकाळी थोडी सर येऊन गेली होती, तर पाणी अगदी सांगितल्यासारखं दोन्ही चरांत वाटून गेलं. गाडीवाला वर आला आणि म्हणाला, "बाई, गाडीत चहा पीत आलो." पेला दाखवला. सांडला नव्हता.

मी हे केलं. एवढ्या वर्षांत या घरात मी केलेली एकही गोष्ट कोणी वळून बघितली नाही, पण हा रस्ता बघावाच लागतो, त्यावरूनच यावं लागतं. आनंद झालाय. फार आनंद झालाय.

यांचा फोन आला. "फोटो एकदम झकास. सगळ्यांना आवडले." जहाजावर दाखवत फिरतात वाटतं.

म्हातारा आज दिवसभर खोलीतच. जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाला.

२४ मार्च, मंगळवार

जिंकले.

भाऊजी सकाळीच आले. गाडीतून उतरल्या उतरल्या मागे वळून रस्त्याकडे बघत राहिले. "वहिनी! हा आपलाच रस्ता?" खाली फाटकापर्यंत चालत गेले, येताना चालत आले, फोनवर व्हिडिओ काढत. म्हातारा व्हरांड्यात काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

"बाबा, बोला," भाऊजी म्हणाले. "धड आहे की नाही?"

मला वाटलं, आता काहीतरी खुसपट काढेल. पाणी, उतार, वळण, काहीतरी. त्याने रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चांगला केलाय." बस. उठला, खोलीत गेला आणि बॅगेत कपडे भरायला लागला. दार उघडं होतं. सदऱ्याच्या घड्या घालत होता, नीट, बाही बाहीवर ठेवून.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. दोन पेले. आनंदानेच तहान लागली असणार.

२५ मार्च, बुधवार

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी भाऊजी चहा पिताना म्हणाले, "वहिनी, अर्धं काम तुम्हीच केलंत बघा. आधीची दोन गिऱ्हाइकं फाटकातूनच परत गेली होती, गाडी वर येईना म्हणून."

"कसली गिऱ्हाइकं?"

भाऊजींनी कप खाली ठेवला. "म्हणजे... दादा बोलला नाही तुमच्याशी?"

नाही. दादा बोलला नाही. घर, टेकडी, शेड, माझी रोपवाटिका – सगळं विकायचं ठरलंय! दोघा भावांचं वर्षभर चाललंय. मी काढलेले फोटो गिऱ्हाइकांना गेले. लांबून घे म्हणे, सगळं दिसेल! जागा म्हाताऱ्याच्या नावावर आहे आणि इथे असेपर्यंत तो सही करत नाही. "तिकडे आले की समजावता येईल," भाऊजी म्हणाले. "आणि तुमच्यासाठी दोन खोल्यांचा फ्लॅट बघितलाय दादाने, आमच्याच बिल्डिंगमध्ये. गॅलरी आहे, चार कुंड्या राहतील आरामात."

चार कुंड्या.

मी विचारलं, "मला कधी सांगणार होतात?" तर म्हणाले, "दादा सुट्टीवर आला की सरप्राइज देणार होता." आणि हसले. माणसं वाईट नाहीत ही. मी त्यांच्या हिशेबात कुठे नव्हतेच, एवढंच.

भाऊजी दुपारी परत गेले. रविवारी नवीन गिऱ्हाइकांना दाखवायला घेऊन येणार, आणि जाताना म्हाताऱ्याला नेणार.

यांना फोन लावला. "अगं, तुझ्याच सुखासाठी," म्हणाले. मी फोन ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा मी आधी ठेवला.

२६ मार्च, गुरुवार

म्हाताऱ्यापुढे जाऊन उभी राहिले. बॅग भरलेली, हा तिच्याशेजारी पलंगावर बसलेला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला माहीत नसायला काय झालं. माझ्याकडेच सही मागतात."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू रस्ता करत होतीस." माझ्याकडे बघतच म्हणाला. "मला वाटलं, तू त्यांच्यातलीच. फ्लॅटसाठी एवढी राबतेस."

म्हणजे ते पोतं, ती नळी, ते सगळं मला हरवायला नव्हतंच. गिऱ्हाईक वर येऊ नये म्हणून हा माणूस मोडक्या पायाने ओहोळात उतरत होता. आणि मी याला वेडा समजत होते, हा मला विकलेली समजत होता. एका घरात राहून, एका टेबलावर जेवून! एक शब्द कोणी धड बोललं असतं तर? पण बोलायचं कोण? मी तरी कुठे बोलले.

म्हटलं, "जाऊ नका मग. नाही म्हणा भाऊजींना."

"शब्द दिलाय."

"शब्द घेऊन काय चाटायचंय? माझी रोपं जाताहेत, तुमची जमीन जातेय –"

"शब्द दिलाय," पुन्हा तेच. दगड आहे नुसता! दार आपटून बाहेर आले. मग तिथेच भिंतीला टेकून रडले, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

२७ मार्च

यांचे फोन येताहेत. उचलत नाही. रोपांना पाणी घातलं. कुठल्या रोपाला घालतेय तेही कळत नव्हतं.

२९ मार्च, रविवार

काल सकाळी मामंजी शेडपाशी आले आणि म्हणाले, "रस्ता धड असला तर, असा शब्द होता." मग दिवसभर रस्ता खणला. ते काठी टेकत पुढे चालत होते, कुठे खोल घ्यायचं ते दाखवत, आणि मी मागून ट्रॅक्टर.

आत्ता भाऊजींचा फोन आला. गिऱ्हाइकांसकट गाडी ओहोळापाशी रुतली आहे, चिखलात सगळे उतरलेत, वहिनी लगेच ट्रॅक्टर घेऊन या. मी काही बोलायच्या आत मामंजींनी फोन माझ्या हातातून घेतला. "निघालोच आम्ही," म्हणाले. फोन ठेवला, खुर्चीत मागे रेलले आणि मला म्हणाले, "चहा टाक. घाई नाही."